एका दमात दोन नावं

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी फ्रिजवर तक्ता चिकटवला. सकाळी सात ते आठ पोहणं. साडेनऊ ते अकरा चित्रकला. संध्याकाळी साडेपाचला स्केटिंग. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी ठाण्याला नौपाड्यात रोबोटिक्स, शनिवारी कल्याणला आजीकडे. रविवार रिकामा दिसत होता, तिथे मी 'वाचनालय' लिहून टाकलं. माझा नवरा श्रीपाद चहा पिता पिता तक्त्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "हेमा, ही आपली मुलगी आहे की पालकमंत्री?"

"मग तू रजा टाक आणि बस तिच्याबरोबर महिनाभर घरात," मी म्हटलं.

तो कप विसळायला निघून गेला. आमच्या डोंबिवलीच्या त्या घरात दुपारी नुसतं बसून राहणं कोणालाच जमत नव्हतं, त्यालाही नाही.

आमचा मोठा मुलगा अपूर्व दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात गेला. डेंग्यू झाला, पाच दिवस ताप होता आणि सहाव्या दिवशी सगळं संपलं. नऊ वर्षांचा होता. क्षिप्रा त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणजे तेव्हा सातची. या उन्हाळ्यात तिने नऊ पूर्ण केली आणि भावाला गाठलं. लोक मला सांगायचे, आता हिच्यात मन रमवा. मन म्हणजे काय सुट्टीतलं शिबिर आहे, एकातून नाव काढलं आणि दुसऱ्यात घातलं? पण लोकांना सल्ला द्यायला काय जातं.

घरात अपूर्वचं नाव कोणी घेत नसे. नियम माझाच होता, फक्त मी तो कधी बोलून दाखवला नाही. तो गेल्यावर तीन-चार महिन्यांनी क्षिप्राने जेवताना विचारलं होतं, "दादाची सायकल आता माझी का?" मी तिच्यावर अशी ओरडले की शेजारच्या गोदाकाकू काय झालं म्हणून दार वाजवून गेल्या. त्यानंतर तिने 'दादा' हा शब्द माझ्यासमोर उच्चारला नाही. किती समजूतदार आहे पोर, असं मी श्रीपादला म्हणाले होते. बाकी तिच्यात समजूतदार असं काही नव्हतं. हट्टी, बडबडी, आमरसाच्या दोन वाट्या झाल्यावर तिसरीसाठी ताट आपटणारी. आणि पाण्याला घाबरणारी. एप्रिलभर ती तलावाच्या उथळ बाजूला पायरीवर बसून नुसते पाय हलवायची आणि मी वर गॅलरीत लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत मनातल्या मनात चरफडायचे. अपूर्व सहाव्या वर्षी पोहत होता.

मेच्या पहिल्या शनिवारी आम्ही नदीवर गेलो.

मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या वाटेवर, एका शेतकरी कुटुंबाने नदीकाठी चार खोल्या बांधल्या आहेत. शहरातले लोक दोन दिवस येतात, चुलीवरचं जेवतात, फोटो काढतात आणि जातात. अपूर्व दोन वर्षांचा असल्यापासून आम्ही दर मेमध्ये तिथे जायचो. तो गेल्यावर बंद केलं. यंदा श्रीपादच म्हणाला, "जाऊया का गं? क्षिप्राला आवडायचं." मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसले.

उन्हाळ्यात ती नदी आटते, पण खोल्यांच्या खाली काळ्या खडकाला लागून एक डोह आहे, त्यात पाऊस येईपर्यंत पाणी असतं. अपूर्व त्या खडकावरून उड्या मारायचा. क्षिप्रा फ्रॉक गुडघ्याशी खोचून काठावर बसायची. ती यंदाही तशीच बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी, निघायच्या आधी, चपला धुवायला म्हणून पुढे वाकली आणि शेवाळावरून घसरली. क्षणभर तिचं डोकं पाण्याखाली गेलं. तिथे स्वयंपाक करणाऱ्या गंगुबाई जवळच भांडी घासत होत्या. त्यांनी दंडाला धरून तिला बाहेर ओढलं. क्षिप्रा खोकली, पण रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"वैनी, पोर दचकलीय," गंगुबाई म्हणाल्या. "अशीच नेऊ नका. हाक मारून न्या."

मला हे नवं नव्हतं. माझी आई मूळची त्याच बाजूची. पाण्याकाठून किंवा रानातून निघताना लहान मुलांना नावाने हाक मारून न्यायची, ही तिच्या माहेरची पद्धत. आई पुढे उभी राहते, पाण्याकडे पाठ करून. मूल मागे. आई त्याचं नाव घेते आणि म्हणते, चल, घरी चल. मूल ओ देतं. मग मागे न बघता चालू लागायचं. हाक मारली नाही तर मूल घरी येतं, पण त्याचं काहीतरी तिथेच बसून राहतं म्हणे. मी शिकलेली बाई आहे, पण दर वर्षी तिथून निघताना हे करायचे. एका दमात दोन नावं घ्यायचे. अपूर्व-क्षिप्रा, चला, घरी चला. मागून दोन ओ यायच्या, त्यातली एक मुद्दाम भसाड्या आवाजात.

श्रीपाद वर गाडीत सामान भरत होता. मी डोहाकडे पाठ केली. ऊन डोक्यावर होतं आणि चपलेतूनसुद्धा दगड भाजत होते. क्षिप्रा माझ्या मागे खडकापाशी उभी होती. मी तोंड उघडलं आणि सवयीने पहिलं नाव बाहेर पडलं.

"अपूर्व," मी म्हणाले. "चल, घरी चल."

दुसरं नाव आलंच नाही. पावणेदोन वर्षांत मी ते पहिलं नाव मोठ्याने घेतलं नव्हतं. घसा आवळला, डोळे वाहायला लागले, आणि मी तशीच उभी राहिले. नदीवर कसलाच आवाज नव्हता. गंगुबाईंनी भांडी घासायची थांबवली होती. बराच वेळ गेला. मग मागून बारीकशी ओ आली.

मी चालायला लागले. मागे पाहिलं नाही, कारण पाहायचं नसतं.

गाडीपाशी गंगुबाई भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन आल्या. खिडकीतून ते माझ्या मांडीवर ठेवत हळूच म्हणाल्या, "वैनी, नाव दुसरं घेतलंत."

"उशीर होतोय हो आम्हाला," मी म्हटलं आणि काच वर केली.

क्षिप्रा मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी बसली. ती नेहमी उजवीकडे बसते. कल्याण यायच्या आधी, रायत्याचा पूल आला की तिला हमखास मळमळतं, म्हणून मी पिशवी हातात धरून बसले होते. पूल आला आणि गेला. ती शांतपणे बाहेर बघत होती.

सोमवारी सकाळी ती तलावाच्या काठाकाठाने चालत गेली. उथळ पाण्याची दोरी मागे टाकली, खोल बाजूला पोचली आणि नाक न धरता उडी मारली. कसेबसे हातपाय मारत ती कडेला आली आणि पुन्हा वर चढली. पोहायला शिकवणारे तानाजी सर शिट्टी तोंडात तशीच धरून गॅलरीकडे बघत राहिले. नंतर मला म्हणाले, "मॅडम, काय खायला घातलंत हिला? महिनाभर पायरी सोडत नव्हती. आज बघतोय तर वेगळंच पोरगं वाटतंय."

त्या दुपारी आमरस केला होता. तिने वाटी बाजूला सरकवली आणि दहीभात मागितला. अपूर्वला आंबा चालायचा नाही. संध्याकाळी स्केटिंगहून आल्यावर बेल तीनदा वाजली, दोनदा पटकन आणि तिसऱ्यांदा लांब. मी स्वयंपाकघरात होते. हातातली पळी खाली पडली. पावणेदोन वर्षं मी ती बेल ऐकली नव्हती. दार उघडलं तर क्षिप्रा उभी होती, घामाने डबडबलेली, आणि माझ्याकडे निरखून बघत होती. मी तिला पोटाशी धरलं. खूप वेळ सोडलं नाही.

बुधवारी ती चित्र डाव्या हाताने काढायला लागली. अपूर्व डावखुरा होता.

आणि गुरुवारी ठाण्याला रोबोटिक्सच्या वर्गाबाहेर मी उभी होते, तर तिथल्या प्राची मॅडमनी माझ्या हातात दोन खोकी ठेवली. "दोघांची किट. घरी मोटार जोडून बघायला सांगा."

"दोघं कोण?"

"तुमची दोघं. ही, आणि हिच्याशेजारी बसतो तो..." त्या थांबल्या. वहीत बघितलं, पान उलटलं. त्यांचा चेहरा उतरला. "सॉरी हं. इतकी मुलं असतात, माझाच काहीतरी घोळ झाला. एकच द्यायचं आहे."

त्यांनी हात पुढे केला, पण मी खोकं परत दिलं नाही. पैसे भरते म्हणाले आणि दोन्ही घेऊन रिक्षात बसले.  दोन्ही खोकी मांडीवर घेऊन क्षिप्रा बसली होती आणि मी तिच्या पलीकडच्या रिकाम्या जागेवर पर्स ठेवली नाही.

आता कोणी म्हणेल, तुला भीती नाही वाटली? खरं सांगते, मला भूक लागली. पावणेदोन वर्षांनी जेवणाला चव आली. मी सकाळी गजर व्हायच्या आधी जागी व्हायचे आणि वाटायचं, आज काय काय होईल. माळ्यावरच्या पेटीतून मी त्याचा निळा पोहण्याचा चष्मा काढला, धुतला आणि तिच्या डोळ्यांवर बसवला. पट्टा आवळावासुद्धा लागला नाही. दहीभात रोज होऊ लागला, आंब्याची पेटी मी गोदाकाकूंना देऊन टाकली. आणि माझ्या तोंडून 'अगं' जाऊन 'अरे' यायला लागलं. अरे ऐक ना, अरे पाणी पी. क्षिप्रा हे नाव मी त्या तीन आठवड्यांत किती वेळा घेतलं असेल? मला एकदाही आठवत नाही.

तलावावरचा रखवालदार एकदा म्हणाला, "दोघं गेली आत आत्ताच." मी त्याला विचारलंसुद्धा नाही. नुसती हसून मान हलवली.

फक्त एक गोष्ट मला खटकायची. ती पाण्यातून बाहेर आली की हात थरथरायचे. टॉवेल धरता येत नसे. मी म्हणायचे, पाणी गार आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, डोंबिवलीत.

शनिवारी कल्याणला आईकडे गेलो. माझी आई सुमती, रामबागेत एकटी राहते. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई, त्यामुळे तिच्यासमोर उगाच काही बोलून चालत नाही. तिने नातीसाठी मुद्दाम आमरस केला होता. क्षिप्राने डाव्या हाताने वाटी सरकवली. आईने ती उचलून झाकून ठेवली. जेवणं झाल्यावर क्षिप्रा आतल्या खोलीत झोपली, तेव्हा कुकरचं झाकण पुसत आईने विचारलं, "मुरबाडहून निघताना हाक मारलीस ना?"

"मारली."

"कोणाला?"

"कोणाला म्हणजे काय? क्षिप्राला."

आईच्या तोंडावर मी खोटं बोलले. ती झाकण पुसतच राहिली. ते कधीच कोरडं झालं होतं.

"मी मुलांना शिकवायचे, भूतबीत काही नसतं," ती म्हणाली. "अजूनही तेच म्हणेन. पण हेमा, गेलेल्या माणसाला हाक मारू नये. ते येतं की नाही, मला ठाऊक नाही. जे जिवंत असतं ते मात्र ऐकत असतं. तू परत जा तिथे आणि पोरीला तिच्या नावाने घेऊन ये."

"या उन्हात? आई, तू पण कमाल करतेस."

"मग सकाळी लवकर नीघ."

"तिला पोहण्याचं शिबिर असतं सकाळी," मी म्हटलं आणि पिशवी उचलली.

घरी येईपर्यंत मात्र मला स्वतःशी कबूल करावं लागलं. पहिलं नाव चुकून आलं, ते खरं. सवयच तशी होती. पण दुसरं नाव घ्यायला मला वेळ होता. डोहापासून गाडीपर्यंत चाळीस पावलं तरी आहेत आणि माझा घसा पाचव्या पावलाला मोकळा झाला होता. मी मुद्दाम बोलले नाही. मला वाटलं होतं, आता दुसरं नाव घेतलं तर पहिलं पुसलं जाईल. एक घरी येतोय, येऊ दे. दुसरी काय, ती तर आहेच. आई म्हणून मी हे असं केलं, आणि त्याची लाज मला तेव्हा वाटली नाही, आज वाटते.

रविवारी दुपारी श्रीपाद पेपर बाजूला ठेवून माझ्याजवळ आला. क्षिप्रा टेबलाशी बसली होती, डाव्या हातात पेन, जीभ दातांत धरून काहीतरी लिहीत होती. अक्षरं खाली घसरत होती.

"हेमा," तो हळू म्हणाला, "क्षिप्रा कुठे आहे?"

"डोळे फुटलेत का? ही काय समोर."

"तीन आठवड्यांत ती माझ्याशी एकदा पण भांडलेली नाही. रिमोटवरून नाही, मोबाईलवरून नाही. काल मी मुद्दाम तिचं चॉकलेट खाल्लं. म्हणाली, खा ना बाबा." त्याचा आवाज ओला झाला. "मला भीती वाटते गं. आपण एकाला घालवून बसलोय."

"मुलगी शहाणी झाली तर तुला दुखतंय कुठे?" मी ओरडले. क्षिप्राचं पेन थांबलं. तिने मान वर केली नाही.

श्रीपाद म्हणाला, उद्यापासून शिबिर बंद. मी म्हटलं, शेवटचे चार दिवस राहिलेत, गुरुवारी पालकांसमोर कार्यक्रम आहे, तेवढा होऊ दे. पुढे काय ते तुझ्या मनासारखं करू. एवढ्यावर आमचं मिटलं. त्या कार्यक्रमाची मी वाट बघत होते, हे मी त्याला सांगितलं नाही. दर वर्षी शेवटच्या दिवशी मोठी मुलं तीन मीटर उंच फळीवरून उड्या मारतात. अपूर्वने त्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात मारली होती.

गुरुवारी तलावावर तोबा गर्दी. आयांनी छत्र्या उघडल्या होत्या, आजोबा मंडळी सावलीच्या खुर्च्या धरून होती. श्रीपाद ऑफिसमधून अर्ध्या दिवसाने येणार होता. फळीवरून उडी मारणाऱ्या मुलांच्या यादीत क्षिप्राचं नाव नव्हतं. तानाजी सरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पुढच्या वर्षी. ते पलीकडे लहान मुलांची रांग लावत होते, तेवढ्यात मला ती शिडीवर दिसली. निळा चष्मा, भिजलेली वेणी. एक एक पायरी चढत होती. मध्ये थांबली. दोन्ही हातांनी दांडा धरून तशीच थांबली.

मी ओरडू शकले असते. गॅलरीतून शिडी काही फार लांब नव्हती. मी मोबाईल काढला आणि व्हिडिओ सुरू केला.

ती फळीच्या टोकाला गेली. गॅलरीकडे तोंड करून उभी राहिली. मला शोधत होती. मी हात हलवला. आणि तिने उडी मारली.

पाणी उसळलं, मग खाली बसलं. मोबाईलच्या पडद्यावर नुसतं निळं पाणी होतं. मी बघत राहिले. आता येईल डोकं वर. आता येईल. कोणीतरी बाई किंचाळली, तेव्हा मला कळलं की वेळ गेलाय. तानाजी सरांनी कपड्यांनिशी पाण्यात उडी घेतली होती. मी पायऱ्या कशा उतरले ते आठवत नाही. मोबाईल कुठे टाकला तेही नाही.

काठावर तिला कुशीवर घेतलं होतं. सर पाठीवर थोपटत होते. तोंडातून, नाकातून पाणी आलं, ती खोकली, पुन्हा खोकली, आणि श्वास सुरू झाला. पालकांमध्ये एक डॉक्टर होते, ते नाडी धरून म्हणाले, ठीक आहे, ठीक आहे. सगळे तिला हाका मारत होते. क्षिप्रा, ए क्षिप्रा, बाळा, इकडे बघ. तिने डोळे उघडले. पण त्यांच्यातल्या एकाकडेही बघितलं नाही. हाक जणू तिची नव्हतीच.

ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत नाही, तोंडाकडे. कुठलं नाव येतंय ते बघत होती.

आणि माझ्या तोंडात नाव तयार होतं. पहिलंच. मला पक्कं ठाऊक होतं की ते घेतलं तर ती लगेच उठेल, हसेल, घरी जाऊन तीनदा बेल वाजवेल, आणि मला जन्मभर पुरेल एवढा अपूर्व मिळेल. कोणाला कळणारही नाही. मी गुडघ्यांवर बसले होते, फरशी भाजत होती. तिचे ओठ निळसर झाले होते. वरचा पुढचा दात कोपऱ्यात तुटलेला होता, गेल्या वर्षी जिन्यात पडली होती त्याचा. अपूर्वचे दात सरळ होते. मी त्या तुटक्या दाताकडे बघितलं. ही पोर तीन आठवडे माझ्यासमोर होती आणि मी तिच्यातून आरपार बघत होते.

"क्षिप्रा," मी म्हणाले. आवाज फुटला. पुन्हा म्हणाले, "क्षिप्रा, चल. घरी चल."

तिने आधी माझ्या मागे बघितलं. माझ्या खांद्यावरून, कोणी उभं आहे का तसं. मग परत माझ्याकडे.

"मी?" तिने विचारलं.

"हो. तू. क्षिप्रा."

तिने ओ दिली. आणि मग असं भोकाड पसरलं की तलावावरची सगळी लहान मुलं गप्प झाली. लाथा झाडल्या, चष्मा ओढून फेकून दिला, माझ्या दंडाला चावली. मी चावू दिलं.

तासाभराने आम्ही सावलीतल्या बाकावर बसलो होतो. डॉक्टरांनी छाती तपासली होती, श्रीपाद स्टेशनहून रिक्षाने निघाला होता. क्षिप्रा टॉवेलात गुंडाळलेली, माझ्या मांडीवर. नऊ वर्षांची मुलगी मांडीवर मावत नाही, पाय खाली लोंबत होते.

"मला पाण्याची खूप भीती वाटते आई," ती म्हणाली. "रोज वाटायची."

"मग उड्या का मारत होतीस?"

"दादाला नाही वाटायची."

तिने तो शब्द उच्चारला आणि अंग चोरून घेतलं, आता आई ओरडणार म्हणून. मी तिच्या ओल्या केसांवर हनुवटी टेकवली. मला विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"क्षिप्रा, दादा आलाय का गं आपल्याबरोबर? नदीवरून?"

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला माझी कीव आली असावी.

"नाही गं," ती म्हणाली. "तू त्याला हाक मारलीस ना, तेव्हा मी पण वाट बघितली. खूप वेळ. तो आलाच नाही. तुझी पाठ हलत होती, तू रडत होतीस. मग मीच ओ दिली."